निरोप निघाला, पण पोहोचला का?

(संगणक अभ्यास : इयत्ता अकरावी व बारावीसाठी)



यंदा आपल्या संगणक मंडळातील अकरावीच्या दोघा विद्यार्थ्यांनी अँड्रॉइड फोनसाठी एक लहानसे ॲप तयार केले. काम साधे होते. दोघांपैकी एकाच्या आजींना रक्तदाबाची एक गोळी सकाळी आठला आणि दुसरी रात्री नऊला घ्यायची असते. त्या त्या वेळी फोनने आठवण करून द्यावी, आजींनी "घेतली" या बटणावर बोट ठेवावे आणि तशी नोंद व्हावी, एवढीच अपेक्षा. वर्गात सर्वांसमोर ॲप छान चालले. आजींच्या फोनवर घातल्यावर मात्र रात्रीची आठवण वाजे आणि सकाळची वाजत नसे. आजी पुष्कळदा स्वतःच्या लक्षाने गोळी घेत, त्यामुळे आठवडाभर कोणाला काही कळले नाही. शेवटी पाकिटात तीन गोळ्या जास्त उरलेल्या पाहून आईंनी विचारले, तेव्हा हा प्रकार उघड झाला.

ॲप बंद पडले नव्हते. चूक दाखवणारी लाल अक्षरातील ओळ कोठे आली नव्हती. निरोप नुसता पोहोचला नव्हता. मोबाइलसाठी प्रोग्राम लिहू लागलेल्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येते, आणि पाठ्यपुस्तकात तिच्याविषयी फारसे असत नाही. म्हणून या अंकात या दोघांच्या ॲपचाच माग काढू. पालकांनीही वाचायला हरकत नाही. प्रोग्रामिंग येत नसले तरी तर्क समजण्यासारखा आहे.

प्रथम थोडी ओळख. अँड्रॉइडमधील ॲप ही एकच सलग आज्ञावली नसते. त्यात चार जातींचे घटक असतात : डोळ्यांसमोर दिसणारा पडदा म्हणजे ॲक्टिव्हिटी, मागे राहून काम करणारी सर्व्हिस, आलेला निरोप घेणारा ब्रॉडकास्ट रिसीव्हर, आणि माहितीचा साठा इतरांना पुरवणारा कंटेंट प्रोव्हायडर. हे घटक सहसा एकमेकांना थेट हाक मारत नाहीत. ते निरोप एका पाकिटात घालून अँड्रॉइडच्या हाती देतात. या पाकिटाला इंटेंट म्हणतात. त्यावर ठरावीक घटकाचे नाव लिहिता येते. किंवा नाव न लिहिता नुसते काम लिहिता येते, ज्याला ॲक्शन म्हणतात. ते काम ज्याने आपल्या नोंदीत लिहून ठेवले असेल त्याच्याकडे पाकीट जाते.

आता आपल्या शाळेतील सूचनावही आठवा. मुख्याध्यापकांची सूचना निघाली की शिपाईमामा वही घेऊन वर्गावर्गात जातात. शिक्षक सूचना वाचून दाखवतात आणि सही करतात. संध्याकाळी वही पाहिली की कोणत्या वर्गात सूचना गेली नाही ते लगेच कळते. अँड्रॉइडच्या ब्रॉडकास्टमध्ये नेमका हा सहीचा रकानाच नाही. पाठवणाऱ्याने निरोप दिला की त्याचे काम संपले. घेणारा कोणी नसेल तरी त्याला तसे कोणी सांगत नाही. संगणकावरून फोनला चाचणीचा निरोप पाठवण्यासाठी एडीबी हे साधन आहे. त्यातील एएम ब्रॉडकास्ट ही आज्ञा देऊन पाहा. कोणीही ऐकत नसलेल्या नावाने निरोप पाठवला तरी ती "ब्रॉडकास्ट कम्प्लीटेड" असेच छापते! नवशिक्या मुलाला वाटते, पोहोचला. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की शिपाईमामांची फेरी पूर्ण झाली.

सही नाही, तर ती आपण मागायची. या दोघांना पहिले काम तेच दिले. निरोपाच्या वाटेवर तीन ठिकाणी लॉगची एकेक ओळ घालायची. पहिली, निरोपाची वेळ अँड्रॉइडकडे नोंदवताना. दुसरी, रिसीव्हरमधील ऑनरिसीव्ह या भागाच्या अगदी पहिल्या ओळीवर. तिसरी, पडद्यावर सूचना दाखवण्याच्या लगेच आधी. ऑनरिसीव्हमधील ओळ पहिलीच हवी. मुले ती एखाद्या जर-तरच्या आत घालतात, आणि मग ती न छापल्यावर निरोप आला नाही की आला पण अटीत बसला नाही, हे सांगता येत नाही. फोन केबलने संगणकाला जोडून लॉगकॅट उघडले की या ओळी क्रमाने दिसतात. तोपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही. इकडची ओळ बदल, तिकडची बदल असे करत एखादे वेळी ॲप चालू लागते, पण का चालू लागले ते कळत नाही, आणि न कळता दुरुस्त झालेले पुन्हा बिघडते.

ओळी घातल्या. पहिली ओळ दोनदा छापली : सकाळची नोंदवली, रात्रीची नोंदवली. दुसरी ओळ फक्त रात्री नऊला. म्हणजे रिसीव्हर जिवंत आहे, पडदाही ठीक आहे. बिघाड नोंदणी आणि पोच यांच्या मध्ये आहे. ठरलेल्या वेळी निरोप देण्याचे काम अलार्ममॅनेजर करतो. त्याच्याकडे सध्या काय काय लिहिलेले आहे ते एडीबीच्या डम्पसिस अलार्म या आज्ञेने दिसते. यादी लांबलचक असते, त्यातून आपल्या ॲपचे नाव शोधावे लागते. तेथे दोनाऐवजी एकच नोंद होती.

असे का व्हावे? अलार्ममॅनेजरला आपण जे देतो ते पेंडिंगइंटेंट, म्हणजे पुढे टाकण्यासाठी आताच तयार करून ठेवलेले पाकीट. नवे पाकीट आले की अँड्रॉइड पाहते, अशाच तऱ्हेचे पाकीट आधी आहे का. ही तुलना पाकिटाच्या बाहेरील बाजूवर होते : कोणाला, कोणती ॲक्शन, कोणता प्रकार, शिवाय रिक्वेस्ट कोड हा एक अंक. आतला मजकूर, ज्याला एक्स्ट्रा म्हणतात, तो उघडून पाहिला जात नाही. आपल्या मुलांनी "सकाळ" आणि "रात्र" हे शब्द आत घातले होते. बाहेरून दोन्ही पाकिटे हुबेहूब एक. दुसरे आले तेव्हा अलार्ममॅनेजरने पहिली नोंद रद्द करून त्या जागी ते ठेवले. नियमाप्रमाणे त्याचे काही चुकले नाही. वर्गात हा दोष दिसला नाही, कारण तेथे दोन मिनिटांनंतरची एकच आठवण लावून दाखवली होती. चाचणी प्रत्यक्ष वापरासारखी नसली की असे होते.

उपाय दोन. प्रत्येक गोळीला वेगळा रिक्वेस्ट कोड द्यायचा, किंवा ॲक्शनचे नाव वेगळे करायचे. मला पहिला बरा वाटतो, पण मुलांनी दुसरा निवडला. ॲक्शनच्या नावाअखेर गोळीचा क्रमांक जोडला : एक, दोन. त्यांच्या फोनवर दोन्ही आठवणी वाजल्या. मुले खूश झाली. आजींच्या फोनवर मात्र आता एकही वाजेना.

येथून पुढचा भाग आपल्यासारख्या मराठी घरांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. लॉगमध्ये या वेळी दुसरी ओळ दोन्ही वेळा छापली होती, तिसरी एकदाही नाही. निरोप दारापर्यंत येत होता, पण आत घेतला जात नव्हता. दुसऱ्या ओळीत आलेल्या ॲक्शनचे नावही छापून घेतले, आणि उलगडा झाला. रोमन अक्षरांतील नावापुढे क्रमांक होता तो देवनागरी १. आजींचा फोन मराठीत आहे. मुलांचे फोन इंग्रजीत. नाव बनवताना मुलांनी स्ट्रिंग-फॉरमॅट हे साधन वापरले होते. त्याला वेगळे काही सांगितले नाही तर ते फोनच्या भाषेचे नियम पाळते, आणि मराठी निवडलेल्या फोनवर अंक देवनागरीत येऊ शकतात. रिसीव्हरमध्ये मात्र तुलनेसाठी हाताने टाइप केलेले नाव होते, त्यात इंग्रजी अंक. माणसाला दोन्ही "एक"च. संगणकाला ही दोन निराळी अक्षरे. अक्षर न् अक्षर जुळले नाही तर ॲक्शन जुळत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग आजींचा फोन इंग्रजीत करा. हा उपाय मला मुळीच पटत नाही. ज्यांच्यासाठी ॲप केले त्यांनी आपली भाषा का सोडावी? माणसाला दाखवायचा अंक मराठीत असावाच. घटकांनी एकमेकांशी बोलताना वापरायची नावे मात्र भाषेवर अवलंबून नसावीत. फॉरमॅट करताना लोकेल-रूट असे स्पष्ट लिहिले की अंक नेहमी एकाच प्रकारचे येतात. त्याहून चांगले म्हणजे अशी नावे एकाच ठिकाणी स्थिरांक म्हणून लिहावीत आणि पाठवणाऱ्याने व घेणाऱ्याने तेथूनच घ्यावीत. या मुलांनी तसे केले. अरबी, फारसी, बंगाली, नेपाळी वापरणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो. नुसत्या इंग्रजी फोनवर चाचणी घेणाऱ्याला तो जन्मात दिसणार नाही.

दोन आठवडे सुरळीत गेले. मग एका रात्री आजींच्या फोनची बॅटरी संपली. सकाळी सहाला कोणीतरी फोन चार्जिंगला लावून सुरू केला आणि तसाच टेबलावर ठेवला. आठला आठवण वाजली नाही. फोन बंद झाला की अलार्ममॅनेजरकडील सर्व नोंदी पुसल्या जातात, हे मुलांना ठाऊक नव्हते. फोन सुरू झाल्यावर अँड्रॉइड बूट-कम्प्लीटेड हा निरोप सर्वांना देते. तो ऐकून ॲपने आपल्या आठवणी पुन्हा नोंदवायच्या असतात. त्यासाठी मॅनिफेस्ट या नोंदपत्रकात परवानगी मागावी लागते आणि रिसीव्हरही तेथेच नोंदवावा लागतो. मुलांनी तेवढे केले, फोन बंद करून सुरू केला, आणि आठवण वाजली. हा विशिष्ट निरोप साध्या फोनवर एडीबीने खोटा पाठवता येत नाही, तो फक्त सिस्टिमलाच पाठवता येतो. त्यामुळे फोन खरोखर बंद-चालू करूनच पाहावे लागते.

पण मुलांनी फोन सुरू केल्यावर सवयीने कुलूपही उघडले होते. आजींच्या फोनचे त्या सकाळी कोणी उघडले नव्हते. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ पासून डायरेक्ट बूट नावाची व्यवस्था आली. ती असलेल्या फोनवर कुलूप पहिल्यांदा उघडेपर्यंत ॲपचा नेहमीचा माहितीसाठा बंद असतो, आणि बूट-कम्प्लीटेड हा निरोपही तोवर येत नाही. त्याआधी येतो तो लॉक्ड-बूट-कम्प्लीटेड. तो ऐकायचा तर रिसीव्हरला मॅनिफेस्टमध्ये डायरेक्ट-बूट-अवेअर असे घोषित करावे लागते आणि गोळ्यांच्या वेळा त्या अवस्थेतही वाचता येणाऱ्या वेगळ्या साठ्यात ठेवाव्या लागतात. घड्याळासारख्या आणि औषधासारख्या ॲपला हे केलेच पाहिजे. गाण्याच्या ॲपला नाही केले तरी कोणाचे बिघडत नाही.

तिसरी तक्रार किरकोळ होती, पण तिच्यातून शिकण्यासारखे आहे. आठवणीवरील "घेतली" हे बटण दाबल्यावर रिसीव्हर नोंद करी आणि पडद्याला निरोप पाठवी, म्हणजे यादीत बरोबरची खूण दिसावी. ती कधी दिसे, कधी नाही. पडदा आपला रिसीव्हर स्वतः दिसू लागल्यावर नोंदवत असे आणि दृष्टीआड होताना काढून घेत असे. तसे करणे योग्यच आहे. पण मग पडदा दृष्टीआड असताना आलेला निरोप कोणासाठी थांबत नाही. गैरहजर मुलासाठी फळ्यावरचा मजकूर दुसऱ्या दिवसापर्यंत राहत नाही, तसेच. निरोप चिकटून राहील अशी स्टिकी ब्रॉडकास्टची सोय पूर्वी होती. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून ती वापरू नये असे ठरले.

याच जातीचा आणखी एक घोळ जुनी उदाहरणे पाहून लिहिणाऱ्यांचा होतो. ॲपच्या आतल्या आत निरोप देण्यासाठी लोकल-ब्रॉडकास्ट-मॅनेजर म्हणून एक साधन होते. तेही आता कालबाह्य ठरवलेले आहे, पण जुन्या पुस्तकांत सापडते. त्यातून पाठवलेला निरोप नेहमीच्या पद्धतीने नोंदवलेल्या रिसीव्हरला ऐकू येत नाही, आणि उलटही नाही. एकाने शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून बोलायचे आणि दुसऱ्याने रेडिओ लावून बसायचे, असा प्रकार. दोन्ही बाजूंचा प्रोग्राम वेगवेगळा वाचला तर दोन्ही बरोबर दिसतात.

माझे मत विचाराल तर येथे निरोप पाठवण्याचे कारणच नव्हते. "गोळी घेतली" ही घटना माहितीसाठ्यात एकदा लिहिली की पडद्याने उघडताना तो साठा वाचावा आणि उघडा असेपर्यंत त्यावर नजर ठेवावी. फ्लो किंवा लाइव्हडेटा ही साधने त्यासाठीच आहेत. निरोप हरवतो, लिहून ठेवलेले राहते. मुलांनी तसा बदल केल्यावर खुणेची तक्रार गेली आणि प्रोग्रामही लहान झाला.

ज्यांच्याकडे जुनी उदाहरणे आहेत त्यांनी अँड्रॉइडचे नियम सालागणिक कडक होत गेले हे ध्यानात ठेवावे. २०११ च्या अँड्रॉइड ३.१ पासून, बसवल्यावर एकदाही न उघडलेल्या किंवा सेटिंगमधून सक्तीने थांबवलेल्या ॲपला असे निरोप सहसा दिले जात नाहीत. म्हणून आजींच्या फोनवर ॲप घातल्यावर ते एकदा उघडून द्या. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून मॅनिफेस्टमध्ये नोंदवलेल्या रिसीव्हरला, कोणाचेही नाव न लिहिलेले बहुतेक निरोप मिळत नाहीत. बूट-कम्प्लीटेड हा अपवाद आहे. हा निरोप अडला की लॉगकॅटमध्ये "बॅकग्राउंड एक्झिक्यूशन नॉट अलाउड" अशी ओळ दिसते, ती शोधावी. पाकिटावर आपल्या पॅकेजचे नाव लिहिले की ही अडचण सुटते. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून, इंटेंट फिल्टर असलेला घटक बाहेरच्यांसाठी उघडा आहे की नाही हे एक्सपोर्टेड या शब्दाने स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर त्या आवृत्तीसाठी बनवलेले ॲप फोनवर बसतच नाही. २०२३ च्या अँड्रॉइड १४ साठी बनवलेल्या ॲपला हीच निवड, चालू असताना नोंदवलेल्या रिसीव्हरबाबतही करावी लागते. कारणे दोन : बॅटरी वाचवणे आणि परक्या ॲपने खोटे निरोप पाठवू नयेत. एक गंमत अशी, की दार आतून बंद ठेवले तर साध्या फोनवर एडीबीने पाठवलेला आपला स्वतःचा चाचणीचा निरोपही अडतो. तेव्हा घाबरू नये, लॉग वाचावा.

आणि निरोप पोहोचला, तिन्ही ओळी छापल्या, तरी पडद्यावर काहीच नाही असे झाले तर? मग निरोपाला दोष देऊ नका. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवण्याची परवानगी वापरणाऱ्याकडून मागावी लागते. पुष्कळ वडीलधारी माणसे अशा चौकटीत घाईने "नको" दाबतात. तसेच आठवण उशिरा येणे हा वेगळा रोग आहे. फोन बराच वेळ पडून असला की डोझ अवस्थेत जातो आणि साधे अलार्म पुढे ढकलले जातात. नेमक्या वेळेसाठी वेगळी आज्ञा आणि अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी आहे. न येणे आणि उशिरा येणे यांची नोंद वहीत वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. संगणकावरचा नकली फोन, म्हणजे एम्युलेटर, शिकायला चांगला आहे. पण रात्री बॅटरी संपणे, मराठी भाषा निवडलेली असणे, आजींनी परवानगी नाकारणे या गोष्टी त्याच्यावर आपोआप घडत नाहीत. कक्षात वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या आवृत्तींचे तीन-चार जुने पण चालू फोन मिळाले तर मुलांची चाचणी खरी होईल. नव्याची गरज नाही. पालकांच्या कपाटात असे फोन पडून असतील, ते आतील माहिती पुसून द्यावेत. आणि पालकांना सांगायचे ते असे, की आजींच्या टेबलावर सात खणांची गोळ्यांची डबी अजून आहे आणि ती राहणार आहे. मुलांनी केलेले ॲप तिच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही.

स्वाध्यायासाठी दोन प्रश्न देतो. एका मुलीच्या ॲपमधील सर्व्हिस निकालाची फाइल उतरवून घेते आणि "उतरली" असा ब्रॉडकास्ट पडद्याला पाठवते. नेमक्या त्या क्षणी फोन आडवा केला, त्यामुळे पडदा नष्ट होऊन पुन्हा बनला. खूण दिसेल का, आणि नसेल तर तीन ओळींपैकी कोणत्या छापल्या जातील? दुसरा प्रश्न : रिक्वेस्ट कोड म्हणून गोळीची वेळ, म्हणजे आठ आणि नऊ हेच अंक वापरले, तर सकाळी आठ आणि रात्री आठ अशा दोन गोळ्या असलेल्या घरात काय होईल? उत्तरे लॉगच्या छापील ओळींसह संगणक कक्षात आणून द्यावीत. नुसते "होईल" किंवा "होणार नाही" एवढेच लिहिलेले उत्तर तपासले जाणार नाही.